घरातल्या आजाऱ्याची पाळी कुणाची?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला 'आजाऱ्याची सेवा' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. मी काही शिकलेला वक्ता नाही. सातवी नापास झालो, सोलापूरच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात अठ्ठावीस वर्षे काढली, आणि जे वाचले ते रात्रपाळीनंतर वस्तीतल्या वाचनालयात वाचले. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि अंगावर आलेले जास्त, असे बोलणार आहे. चुकले तर पदरात घ्या.

तुम्हाला माहीतच आहे, २०२२ च्या पावसाळ्यात मी सोलापूर सोडून आपल्या दुधनीला परत आलो. आमच्या अव्वाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळायला लागले. तिला सांभाळणारे अण्णा आणि वहिनी. तर दोन महिन्यांतच अण्णाच्या गालातली जखम तपासली आणि तोंडाचा कॅन्सर निघाला. एका घरात दोन अंथरुणं, आणि करणारी वहिनी एकटी.

आता माझी चूक सांगतो, कारण त्यासाठीच मी उभा राहिलोय. बातमी कळल्यावर मी बायकोला म्हणालो, "तू दुधनीला जा. मी इथं नोकरी बघतो, चळवळीची कामं आहेत, मला निघता येणार नाही." हा कोण बोलतोय? स्त्री-पुरुष समतेवर चौकाचौकात भाषणं ठोकणारा माणूस! बायको विड्या वळत बसली होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "आई तुमची, भाऊ तुमचा. माझ्या विड्यांवर पोरीची फी चालते. तुम्हीच का जात नाही?" मला उत्तर सुचलं नाही. चार दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. पाचव्या दिवशी गिरणीत जाऊन हिशेब मागितला.

इथं एक सूचना देतो, म्हणजे माझ्यासारखी घाई कुणी करू नये. नोकरी सोडण्याआधी चौकशी करा. राज्य कामगार विमा योजनेत कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही औषधोपचार मिळतो. नोकरी गेली की ते संरक्षणही पुढे संपतं. मी हे नंतर शिकलो. आधी रजा मागावी, विचारावं, कागद बघावा, मग पाऊल टाकावं.

सोलापुरातल्या सहकाऱ्यांनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाले, "बाबासाहेबांनी खेडी सोडा, शहरात जा असं सांगितलं, आणि तू उलटा गावाकडं निघालास?" प्रश्न खोटा नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना खडसावलं होतं. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचं ते घर आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. आमचे आजोबा हेच भोगून गेले. मग मी का आलो? मी खूप विचार केला. मी गावकीच्या कामाला परत आलो नाही, कुणाच्या दारात उभं राहायला आलो नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाकडं आलो. गिरण्यांच्या काळात छाती कापसाच्या धुळीनं भरली, क्षय झाला, की कामगार गावी परत यायचा. त्याला कोण सांभाळायचं? गावात राहिलेली आईच ना? तिने तेव्हा आम्हाला सांभाळलं. आज ती पडली तर आम्ही शहरात बसून बाबासाहेबांचं नाव पुढं करायचं, हे मला पटलं नाही.

आता पुस्तकातलं सांगतो. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासोबत फिरत तिथं आले. त्यांनी विचारलं, तुला बघणारं कुणी नाही का? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून कुणी बघत नाही. मंडळी, इथं बुद्धांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. आनंदाला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. मग डोक्याकडून भगवंतांनी आणि पायाकडून आनंदाने धरून त्याला उचलून बाजेवर ठेवलं. त्यानंतर संघाला जमवून सांगितलं, की तुमची सेवा करायला इथं आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या उपदेशाचा अर्थ.

हा प्रसंग मी वर्षावासात अनेकदा ऐकला होता. पण तो कळला केव्हा, तर अव्वामुळे. मी आल्यावर अव्वाने पाणी प्यायचं सोडलं. आम्हाला कळेना. वहिनीने विचारून काढलं. पाणी प्यायलं की लघवी होणार, आणि मुलगा धुणार, याची तिला लाज. वहिनी अण्णाला घेऊन बार्शीला गेली की घरात मी एकटाच. मग मी तिच्याजवळ बसून हा आनंदाचा प्रसंग सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताने डोळे पुसले आणि अडखळत म्हणाली, "धू बाबा. पण दार लाव." त्या दिवसापासून ती पाणी प्यायला लागली.

त्याच महावग्गात सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता यावं. काय चालतं, काय चालत नाही हे कळावं. लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने करावं. मल-मूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने आजाऱ्याला उभारी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे सांगणं मी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नर्सबाईंकडून जणू पुन्हा ऐकलं. त्यांनी शिकवलं, अर्धांगवायूच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खायला घालताना बसवून, थोडं थोडं घालायचं, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनळीत जातं. हे कुणालाही शिकता येतं. मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो.

आजाऱ्याचेही पाच गुण तिथं सांगितलेत. पथ्य पाळणं, प्रमाण ओळखणं, औषध घेणं, दुखणं खरं खरं सांगणं आणि वेदना सोसणं. आमचा अण्णा चौथ्या गुणात कमी पडला. गालातली जखम त्याने सात महिने लपवली. तंबाखूची पुडी खिशात आणि वर म्हणे दात लागला. २०१२ पासून आपल्या राज्यात गुटख्याला बंदी आहे, पण तंबाखू आपल्या हातात आहेच. तरुणांनो, कान देऊन ऐका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड उघडेनासं झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा. लवकर सापडलेला कॅन्सर बरा होतो. उशिरा सापडलेल्याशी झगडावं लागतं.

अण्णाला आम्ही बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात नेलं. बार्शीचं नाव खेड्यातल्या कॅन्सरच्या कामात मोठं आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम देशात पहिल्यांदा तिथं १९८७ मध्ये सुरू झालं. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. दुधनीहून गाडीने सोलापूर, पुढं एस.टी. रोज जाणं-येणं शक्यच नाही, म्हणून एक जण तिथंच राहिला पाहिजे. खर्चाला आधार योजनेचा झाला. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला सोलापूर होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. रेशनकार्ड आणि आधार जपून ठेवा आणि दोन्हींवर नाव एकसारखं करून घ्या. आमच्या अण्णाच्या नावातल्या एका अक्षरापायी आमचे अकरा दिवस गेले. आपलं गाव सीमेवरचं, बरेच जण कलबुर्गीला जातात. जा, पण ते रुग्णालय आपल्या योजनेच्या यादीत आहे का, हे आधी विचारून जा.

अण्णा दीड वर्ष जगला. शेवटी बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा. तो गेला. अव्वा आहे. मी बाजार समितीत एका आडतीवर तूर-हरभऱ्याच्या पोत्यांचा हिशेब लिहितो, आणि दुपारी घरी येऊन तिची कूस बदलतो.

सेवेने माणूस वाचतोच असं नाही. पण सेवेचं मोल मोजायचं कसं, हे बाबासाहेबांकडून शिकावं. मधुमेहाने आणि सांध्यांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते. १९४८ मध्ये डॉ. सविता त्यांच्या घरात आल्या. त्यांचं पथ्यपाणी, औषध बघत राहिल्या. आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात आपलं आयुष्य वाढवल्याबद्दल डॉ. मालवणकर आणि आपली पत्नी यांचे ऋण मान्य केले आहे. १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत प्रथम छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. सेवा करणाऱ्याचं नाव असंच राहून जातं. सावित्रीमाईंनी तर १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतःचा प्राण दिला.

आता शेवटचं सांगतो. गिरणीत तीन पाळ्या असतात. एकाच कामगाराला तिन्ही पाळ्या सलग लावल्या तर आम्ही मशीन बंद करून बाहेर बसत होतो. आणि आमच्या घरात वहिनी दोन महिने तिन्ही पाळ्या करीत होती. एकानेही विचारलं नाही, मी सुद्धा नाही. आज या वस्तीत अशा किती वहिन्या, सुना, लेकी आहेत, ते तुमचं तुम्ही मोजा.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. वर्धापनदिनाच्या मंडपाचा आणि स्पीकरचा खर्च थोडा कमी करू. त्यातून हवेची गादी, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची घेऊन विहारात ठेवू. ज्याला लागेल त्याने न्यावी, काम झाल्यावर धुऊन परत आणावी. दुसरं, फळ्यावर पाळीची यादी लावू. ज्या घरात अंथरुणावर माणूस आहे तिथं आठवड्यातून दोन तास कोण बसणार, बार्शीला, सोलापूरला सोबत कोण जाणार, ते त्यात लिहू. त्या दोन तासांत घरातली बाई झोपेल, बाजारात जाईल, नुसती बाहेर ओट्यावर बसेल, तिची मर्जी. आणि यादीत पुरुषांची नावं आधी लिहा.

पहिलं नाव माझं घाला. बुधवारी दुपारची पाळी माझी.

नमो बुद्धाय! जय भीम!