वार्धक्यातील श्वसनविकार आणि हस्तोपचार



घरातील ज्येष्ठ व्यक्तीला न्यूमोनिया झाला की घरातील वातावरणच बदलून जाते. तरुणाचा ताप चार दिवसांत उतरतो आणि तो कामाला लागतो. पंचाहत्तरीच्या माणसाचे तसे नसते. वयपरत्वे फासळ्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा कडक होतात, पाठीला पोक येतो, श्वासपटलाचे स्नायू दुर्बल होतात आणि खोकल्याचा जोर ओसरतो. परिणामी छातीत साठलेला कफ बाहेर पडत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, ‘अमुक ठिकाणी हाताने छाती मोकळी करून देतात, औषधांची गरजच पडत नाही.’ या विधानाचा पूर्वार्ध विचार करण्याजोगा आहे; उत्तरार्ध मात्र जिवावर बेतणारा आहे. हे दोन भाग वेगळे करून पाहणे हाच आजच्या विवेचनाचा उद्देश होय.

ज्या पद्धतीने या विषयावर सर्वांत पद्धतशीर प्रयोग केले, ती अमेरिकेतील ऑस्टिओपॅथी. तिचे जनक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. त्या काळच्या औषधांत पाऱ्याचे क्षार आणि अफू यांचा सुळसुळाट होता. त्या औषधांवरून त्यांचे मन उडाले. शरीराची हाडे, स्नायू आणि रक्ताभिसरण यांतील अडथळे हाताने दूर केले तर शरीर स्वतःच रोगाशी झुंजते, असा विचार त्यांनी १८७४ पासून मांडला आणि १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी आपले विद्यालय स्थापन केले. पुढे या विद्यालयांनी औषधशास्त्र आणि शल्यक्रियाही स्वीकारल्या. आज अमेरिकेत डी.ओ. ही पदवी घेतलेल्या डॉक्टरला एम.डी. पदवीधराइतकेच अधिकार आहेत. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी होते, पण तेथे ते अमेरिकेसारखे सर्व उपचार करणारे डॉक्टर नसतात. भारतात एखाद्या पाटीवर हा शब्द दिसला म्हणून आतील व्यक्ती औषध देण्यास पात्र डॉक्टर आहे, असे मुळीच समजू नये.

स्टिल १९१७ च्या डिसेंबरात निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षी इन्फ्लुएंझाची ती भयंकर साथ आली, जिने हिंदुस्थानातही लक्षावधी घरे उद्ध्वस्त केली. साथीनंतर अमेरिकेतील ऑस्टिओपॅथांनी आपल्या व्यावसायिकांकडून आकडे मागविले. सुमारे १ लाख १० हजार रुग्णांपैकी केवळ पाव टक्का दगावले, असा निष्कर्ष निघाला. हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. परंतु ज्याने उपचार केले त्यानेच आकडा कळविला, आणि तुलनेसाठी तशाच प्रकृतीचे दुसरे रुग्ण समोर नव्हते. दुकानदाराने स्वतःच आपल्या मालाची प्रत ठरवावी, तसा हा प्रकार झाला. खरी कसोटी लागायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली.

हा उपचार नेमका कसा असतो? रुग्ण उताणा झोपलेला असतो. उपचारक त्याच्या पाठीखाली हात घालून मणक्यालगतच्या फासळ्या बोटांच्या टोकांनी हळुवार उचलतो. बरगड्यांच्या खालच्या कडेवर हात ठेवून श्वासपटल सैल करतो. मानेचे आणि पाठीचे आखडलेले स्नायू मोकळे करतो. पायांना तालबद्ध झोके देतो. छातीवर मात्र एक विशेष क्रिया केली जाते. दोन्ही तळवे गळ्याखालच्या हाडांच्या खाली ठेवून उच्छ्वासाबरोबर छाती दाबत न्यायची, नंतरच्या श्वासाला किंचित रोध करायचा आणि एका क्षणी हात एकदम उचलून घ्यायचे, म्हणजे हवा झपाट्याने आत शिरते. यामागची कल्पना अशी की, फासळ्यांची हालचाल वाढावी आणि शरीरातील लसीकेचा प्रवाह वाढून रोगप्रतिकारक पेशी रक्तात लवकर पोहोचाव्यात. अशा तालबद्ध दाबाने लसीकेचा प्रवाह वाढतो हे कुत्र्यांवरील प्रयोगांत मोजले गेले आहे. तथापि तेवढ्यावरून माणसाचा न्यूमोनिया लवकर बरा होतो, असे सिद्ध होत नाही.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेले ५८ वृद्ध होते. सर्वांना प्रतिजैविके दिली गेली. काहींना त्याच्या जोडीला हे हस्तोपचार मिळाले. त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी ६.६ दिवसांचा, तर इतरांचा ८.६ दिवसांचा ठरला. शिरेतून द्यावयाच्या औषधांचेही दोन दिवस वाचले. आकडा आकर्षक होता, पण रुग्ण थोडे होते. म्हणून डॉ. डोनाल्ड नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी हाती घेतली. तिचा वृत्तांत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

या चाचणीत ७ रुग्णालयांतील पन्नाशीच्या पुढील ४०६ रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर दिवसातून दोनदा, १५-१५ मिनिटे हस्तोपचार मिळाले. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ, त्याच जागी केवळ हलका स्पर्श; दाब नाही, ताण नाही. तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. प्रतिजैविके कोणाचीही थांबविली नव्हती, ही गोष्ट येथे आवर्जून ध्यानात घ्यावी.

आता निकाल. तो दोन प्रकारे मांडला गेला आणि दोन्ही प्रकार समजून घेतल्याशिवाय कोणतेही मत बनवू नये. ज्याला ज्या गटात टाकले त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजले, मग त्याचे उपचार पुरे होवोत वा न होवोत, तेव्हा ३८७ रुग्णांच्या या हिशेबात तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांचे उपचार ठरल्याप्रमाणे पार पडले अशा ३१८ जणांचाच हिशेब केला तेव्हा चित्र पालटले. रुग्णांना मुक्कामाच्या दिवसांनुसार रांगेत उभे केले तर मधोमध येणाऱ्याचा मुक्काम हस्तोपचारांच्या गटात ३.५ दिवस, हलक्या स्पर्शाच्या गटात ३.९ दिवस आणि केवळ नेहमीच्या उपचारांच्या गटात ४.५ दिवस आला. मृत्यू किंवा श्वसन निकामी होण्याचे प्रमाणही हस्तोपचारांच्या गटात नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी आढळले.

व्यापारी मंडळींना यातील मेख चटकन कळेल. उधारी ज्यांच्याकडून पुरती वसूल झाली तेवढीच खाती धरून नफा काढला तर तो भरघोस दिसतो. बुडीत खाती वहीत ठेवून काढला की खरा आकडा समोर येतो. ज्यांचे उपचार अर्धवट राहिले, त्यांत जास्त आजारी माणसेही असू शकतात. म्हणून पहिला हिशेब अधिक कडक आणि अधिक विश्वासार्ह मानला जातो. दुसरा हिशेब खोटा नव्हे, पण त्याला आशेपेक्षा मोठे नाव देता येत नाही.

त्याहून विचार करायला लावते ती हलक्या स्पर्शाची बाजू. दुसऱ्या हिशेबातही हस्तोपचार आणि हलका स्पर्श यांत लक्षणीय अंतर सिद्ध झाले नाही. मग लाभ झाला असेल तर तो फासळ्या उचलण्याचा, की दिवसातून दोनदा कोणीतरी पाव तास शेजारी बसून अंगावर हात ठेवल्याचा, की निव्वळ योगायोगाचा? चाचणी याचे उत्तर देत नाही. कॉक्रेन या संस्थेने छातीच्या सर्व प्रकारच्या फिजिओथेरपीचा एकत्रित आढावा घेतला. २०२२ च्या सुधारित आढाव्यात ८ चाचण्या आणि ९७४ रुग्ण आहेत. तेथेही ठोस ग्वाही मिळत नाही. अंथरुणात उठवून बसविणे, लवकर चालविणे, दीर्घ श्वास घ्यायला लावणे ही रुग्णालयातील साधी कामे मात्र कोणत्याही पंथाच्या वादात न पडता करता येतात, आणि नातेवाइकांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावीत.

दमेकऱ्यासारखी धाप लागणारा, फुप्फुसात हवा अडकवून ठेवणारा जुनाट विकार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्याची कथा वेगळीच आहे. याच डॉ. नोल यांनी २००८ मध्ये ६५ वर्षांवरील ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना एकदाच हस्तोपचार दिले, काहींना नुसता स्पर्श, आणि अर्ध्या तासाने यंत्रावर फुंकवून मोजमाप घेतले. हस्तोपचारांच्या गटात फुप्फुसात अडकून राहणारी हवा कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली. नंतर फोनवरून विचारणा केली तेव्हा दोन्ही गटांतील बहुसंख्य रुग्णांनी आपल्याला लाभ झाल्याचेच सांगितले! स्वतःच्या पद्धतीविरुद्ध गेलेला निकाल लपवून न ठेवता छापणाऱ्या या संशोधकांचे कौतुक केले पाहिजे. छाती दाबून हात एकदम उचलण्याची ती क्रिया अशा रुग्णांना प्रतिकूल असावी, असा संशय त्यांनी व्यक्त केला. ‘मालिशने बरे वाटले’ या शब्दांवर घरच्यांनी इनहेलर बंद करण्याचा निर्णय घेऊ नये, तो याचसाठी.

आणखी एक सावधगिरी हाडांची. साठीनंतर, विशेषतः महिलांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. काहींना तर खोकल्याच्या उबळीनेही फासळी मोडते. छातीवर दाब देऊ पाहणाऱ्याने हाडांचा ठिसूळपणा, पूर्वीचा अस्थिभंग, कर्करोग, रक्त पातळ करणारी गोळी यांविषयी आधी चौकशी केलीच पाहिजे. जो हे न विचारता हात लावतो, त्याला नम्रपणे परत पाठवावे. उपचार करणारा पदवीधर फिजिओथेरपिस्ट आहे का आणि रुग्णाच्या डॉक्टरांना याची कल्पना आहे का, हेही विचारून घ्यावे. इन्फ्लुएंझाची आणि न्युमोकोकसची लस घेतली आहे का, हा प्रश्न तर त्याही आधीचा.

वृद्धांच्या न्यूमोनियात ताप असेलच असे नाही. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारी आजी अचानक असंबद्ध बोलू लागते, जेवण टाकते, तोल जाऊन पडते, आणि घरचे तो म्हातारपणाचा दोष समजतात. घड्याळ लावून तिचे श्वास मोजावेत. मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक भरले, ओठ निळसर दिसले किंवा तिला भान राहिले नाही, तर त्या रात्री कोणालाही छाती चोळायला बोलावू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी.