नदी बदलून किती दिवस भागणार?



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण काल इचलकरंजीत उतरल्यापासून ज्यांच्या ज्यांच्या घरी गेले, तिथं चहाबरोबर एकच विषय निघाला : तुमच्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी येतं? तेव्हा सर, आज कॉम्प्युटर राहू द्या.

आपला भाग काही दुष्काळी नाही. वर सह्याद्रीचा पाऊस आहे, राधानगरीचं धरण आहे. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंत पंचगंगा जेमतेम ८० किलोमीटर, आणि ती आपल्या गावाच्या अंगावरून जाते. नदीला पाणी आहे आणि ते पिता येत नाही, अशी आपली टंचाई आहे.

ते का पिता येत नाही, यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे सांडपाणी. कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासून आपल्या काळ्या ओढ्यापर्यंत सगळ्यांनी नदीत मैला सोडला. २०१२ साली गावात काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची होती आणि तो मैल्यातून पाण्यात येतो. त्याचं खापर प्रोसेसवाल्यांवर फोडता येणार नाही. ते आपणा सगळ्यांचं आहे.

दुसरी गोष्ट मात्र धंद्याची. सुती कापड रंगवताना रंग धरावा म्हणून भरपूर मीठ घालतात. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण विरघळलेलं मीठ त्यांना खाता येत नाही. त्यामुळे पाणी नितळ दिसलं तरी खारटच राहतं, आणि खाली शिरोळच्या उसाला तेच जातं. शिरोळचे आपले मित्र मागं बसलेत, तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे आणि केंदाळ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

यावर आपण काय केलं? पंचगंगा नासली म्हणून मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. त्या दाबनलिकेची गळती तुम्हाला पाठ आहे. मग सुळकुडहून दूधगंगा आणायची योजना मंजूर झाली, तर कागलकडची माणसं विरोधात उभी राहिली. गावात त्यांच्याबद्दल कडवट बोललं जातं. मला विचाराल तर त्यांचा सवाल रास्त आहे : तुमच्या दारातली नदी तुम्ही नासवली, आता आमची का मागता? आपली तहान खरी आहे, लहान पोरं असलेल्या घरांना पाणी मिळालंच पाहिजे, हे मान्य. पण त्या सवालाला आपल्याकडं उत्तर नाही, हेही मान्य करू या.

उत्तर असू शकतं, हे तिरुपूरकडं बघून कळतं. तिथली नोय्यल नदी रंगाच्या पाण्यानं अशीच गेली होती. खालचे शेतकरी कोर्टात गेले आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं रंगकामाचे कारखाने बंद करायला लावले. शेकडो युनिटं बंद पडली, मजूर गावाकडं परतले. हाल झाले, ते मी लपवत नाही. पुढं सामायिक केंद्रं सुधारून पुन्हा चालू झाली. पाणी गाळून, उरलेलं आटवून मीठ वेगळं काढायचं आणि पाणी व मीठ दोन्ही पुन्हा रंगकामाला वापरायचं. हे महाग आहे, वीज खातं आणि शेवटी जो गाळ उरतो त्याची डोकेदुखी वेगळीच. तरी तिरुपूरचा धंदा टिकला.

आपल्या बॅचचे तिघेचौघे प्रोसेसमध्ये आहेत. कोर्टानं कुलूप लावायच्या आधी त्यांनी एकदा तिरुपूरला जाऊन यावं. खर्चाचे आकडे मांडायला मी बसते, ते माझं काम आहे. शिरोळ-कागलच्या दोघांना बरोबर न्या. तारीख आज जेवणाच्या पंगतीतच ठरवू.