प्रसूतिगृहातील सोबतीण



तळेगाव दाभाडे ते चाकण या रस्त्यावर इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे मावळ तालुक्यातील गाव वसले आहे. सेनापती दाभाडे यांच्या गढीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. मावळातील इतर गावांप्रमाणे येथेही एके काळी बाळाचा जन्म घरातच होत असे. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज होता. त्या वेळी खोलीत सुईण असे, आई असे, शेजारची एखादी जाणती बाईही असे. कळा सुरू झाल्यापासून बाळाचा आवाज कानी पडेपर्यंत त्या स्त्रीला क्षणभरही एकटे सोडले जात नसे. त्या खोलीत मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती निर्जंतुक साधनांची, वेळेवर मिळणाऱ्या रक्ताची आणि शस्त्रक्रियेच्या सोयीची. त्या उणिवेची किंमत अनेक मातांनी प्राण देऊन चुकती केली.

रुग्णालयाने काय दिले, काय राहिले

ही स्थिती पालटावी म्हणून शासनाने टप्प्याटप्प्याने प्रयत्न केले. प्रथम गावोगावच्या दाईंना स्वच्छ प्रसूतीचे शिक्षण देण्यात आले. पुढे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या नेमण्यात आल्या आणि मातांची पावले आरोग्य केंद्राकडे वळली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील शेकडा ९४.७ प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंचे राज्यातील प्रमाण २००४ ते २००६ मध्ये १३० होते. २०१८ ते २०२० मध्ये ते ३३ वर आले. हे यश निःसंशय मोठे आहे.

परंतु घर सोडून रुग्णालयात येताना एक गोष्ट मागे राहिली. सुईणीकडे दोन कामे होती : बाळंतपण करणे आणि बाळंतिणीला धीर देणे. पहिले काम डॉक्टर आणि परिचारिका यांनी अधिक कुशलतेने हाती घेतले; दुसरे मात्र कोणाकडेच सोपविले गेले नाही. एकाच वेळी अनेक स्त्रियांकडे लक्ष देणाऱ्या परिचारिकेला एकीच्याच उशाशी तासन् तास बसणे शक्य नसते. आई दाराबाहेर बाकावर आणि लेक आत अनोळखी खोलीत एकटी, असे दृश्य त्यातून निर्माण झाले.

धीर देण्याचे शास्त्र

हे दुसरे काम करणाऱ्या स्त्रीला पाश्चात्त्य देशांत ‘डूला’ म्हणतात. सेवा करणारी स्त्री या अर्थाचा हा ग्रीक शब्द असून मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांच्या १९७३ सालच्या स्तनपानविषयक ग्रंथामुळे तो या अर्थाने रूढ झाला. डूला प्रसूती करीत नाही, तपासणी करीत नाही, औषध देत नाही. ती कंबर चोळते, घोटभर पाणी पाजते, चालण्यास व कूस बदलण्यास मदत करते, श्वास कसा घ्यावा ते सांगते आणि पुढे काय होणार आहे हे सोप्या शब्दांत समजावते. गोंधळलेल्या पित्यालाही ती धीर देते आणि त्याने जवळ राहून काय करावे ते सुचविते.

ही केवळ भावनेची बाब नाही. भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात आणि गर्भाशयाच्या आकुंचनात अडथळा येऊ शकतो. १९८० साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. एकट्या राहिलेल्या स्त्रियांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी सुमारे १९ तास लागले. सोबत असलेल्यांना सुमारे ९ तास. विशेष म्हणजे ती सोबतीण नात्यातील नव्हती आणि तिने वैद्यकीय शिक्षणही घेतलेले नव्हते. पुढे २०१७ साली १७ देशांतील २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. अखंड सोबत मिळाल्यास नैसर्गिक प्रसूती वाढतात, शस्त्रक्रियांचे प्रमाण घटते आणि प्रसूतीचा अनुभव अधिक समाधानाचा ठरतो, असा निष्कर्ष निघाला.

शासनाची अनुमती

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस अनुमती दिली. सोबतीण नात्यातील स्त्री असावी, शक्यतो तिने स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेला असावा. आडोशाची पुरेशी सोय असेल तेथे पतीलाही जवळ थांबता येईल, असे त्यात म्हटले आहे. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, या अटी रास्तच आहेत. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही या सोबतीला स्थान मिळाले.

खरा प्रश्न पुढे आहे. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात दूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून कुटुंबे आली आहेत. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या तरुण वधूची आई शेकडो मैलांवर असते आणि पती पाळीवर गेलेला असतो. तिने नात्यातील स्त्री कोठून आणावी? ज्या स्त्रीला सोबतीची सर्वाधिक गरज, तिलाच ती मिळू नये, हा विरोधाभास दूर झाला पाहिजे.

गावाचे कर्तव्य

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ग्राम आरोग्य समितीने महिला बचत गटांतील जाणत्या, स्वेच्छेने पुढे येणाऱ्या स्त्रियांची यादी करावी. गावात एखादी वृद्ध सुईण असेल, तर तिच्या अनुभवाचा येथे मानाने उपयोग होईल. आशा कार्यकर्तीने सातव्या महिन्यातच प्रत्येक गर्भवतीची सोबतीण निश्चित करावी आणि नातेवाईक नसल्यास काय करावयाचे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच ठरवून घ्यावे. अतिरक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी यांसारखी लक्षणे दिसताच तत्काळ परिचारिकेला बोलवावे, एवढे शिक्षण सोबतिणीला अवश्य द्यावे. प्रसूतिगृहात पडदे नसतील तर पंचायतीने ते पुरवावेत. अनेकदा सोबतीची वाट केवळ पडद्याअभावी अडते. शिक्षकांनी पालकसभेत तरुण पित्यांना त्यांच्या जबाबदारीची जाणीव द्यावी.

जुन्या बाळंतघरात माया होती, पण साधने नव्हती. नव्या प्रसूतिगृहात साधने आली, पण मायेला दाराबाहेर थांबावे लागले. ही दोन्ही एकाच खोलीत नांदू शकतात. इंदुरीसारख्या गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या आईचा हात कोणीतरी धरलेला असावा, मग ती गावची लेक असो वा परगावाहून आलेली असो. एवढे साधणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे.