नावांची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दूरचित्रवाणीवर खेळांचे कार्यक्रम करायला मी कशी शिकले, हे सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. मी काही नामांकित खेळाडू नव्हे. शाळेत कबड्डी खेळले, एवढेच माझे भांडवल!

आमच्या लहानपणी खेळ ऐकायचा असे. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे समालोचन लागले की घरबसल्या सारे मैदान डोळ्यांपुढे उभे राही. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले. १९७७ साली चंद्रा नायडू यांनी इंदूरला क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा हे काम बाईलाही जमते अशी खात्री पटली. पुढे मला एका कार्यक्रमाची संधी मिळाली.

पण रेडिओची सवयच आड आली! तालमीत चित्रफीत सुरू होताच मी बोलत सुटले, "आता ही मुलगी उजवीकडे वळली, आता मागे सरली..." निर्माते म्हणाले, "बाई, ते लोकांना दिसतेच आहे. जे दिसत नाही, ते सांगा." दम तुटला म्हणून चढाई करणारी बाद झाली, सगळा संघ बाद होऊन लोण चढले म्हणून दोन गुण जादा मिळाले, हे आपण सांगायचे. आणि खेळ रंगात आला की गप्प बसायचे. गप्प बसणे किती कठीण, हे तुम्हांला मी काय सांगावे!

दुसरा धडा वेळेचा. कॅमेऱ्याशेजारचे गृहस्थ उरलेली मिनिटे बोटांनी दाखवीत. मी घरी पोळ्या लाटताना घड्याळ समोर ठेवून मजकूर म्हणत असे.

तिसरा धडा मात्र मला चूक करून मिळाला. कार्यक्रम थेट चालला होता. पाठीवरचा आकडा वाचण्यात माझी गफलत झाली आणि निर्णायक पकड करणारीऐवजी मी दुसरीचेच नाव घेतले. दोन दिवसांनी ती मुलगी भेटली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, आई शेजारी टीव्ही बघायला गेली होती. माझे नाव ऐकायला."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या आरंभीच मी चूक कबूल केली आणि त्या मुलीचे नाव घेतले. तिच्या आईने ते ऐकले की नाही, मला कधीच कळले नाही. तेव्हापासून मी वही ठेवली. सामन्याआधी प्रत्येकीकडे जायचे, तिचे नाव तिच्याच तोंडून ऐकायचे आणि आकड्यापुढे लिहायचे.

आपल्या मंडळाच्या स्पर्धांचे अहवाल लिहितानाही एवढे करावे, ही माझी विनंती. जिंकणारीचे नाव लिहालच. हरणारीचेही नीट लिहा. तिच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते.