पाठीतली सुई आणि बधिर पाय



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघा मित्रांनी आम्हांस विचारले, की बाळंतिणीच्या पायाला मुंग्या येतात हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तो चुलीपाशी बोलावयाचा विषय. आमचे म्हणणे असे, की तो आजवर चुलीपाशीच राहिला म्हणूनच त्याच्याविषयी इतके अज्ञान राहिले. मुकुटबनात किंवा झरी-जामणीच्या कोणत्याही गावात जा, चार बायकांमागे एक तरी सांगेल की पाठीत इंजेक्शन दिले तेव्हापासून पाय माझा राहिला नाही. तिचे म्हणणे कोणी खोडून काढीत नाही, आणि कोणी तिचा पाय हाती घेऊन पाहतही नाही. आम्ही या पट्ट्यात पुष्कळ वर्षे दवाखाना चालविला. त्या अपराधाचे वाटेकरी आम्हीही आहो, हे पुढे सांगणारच आहो.

आमची एक पुतणी नागपुरास असते. पहिलटकरीण. कळा असह्य झाल्या तेव्हा तिने एपिड्यूरल घेतले, म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक नळी ठेवून तिच्यातून थोडी थोडी भूल देतात ते. बाळ सुखरूप झाले, परंतु शेवटची अवस्था लांबली. दोन तासांहून अधिक वेळ ती मांड्या पोटाशी घेऊन जोर करीत होती. दुसऱ्या दिवशी उजव्या नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू बधिर. चालताना पाऊल खाली पडे, चप्पल निसटे. तिने आम्हांस फोन केला, "काका, हे पाऊल माझं वाटतच नाही." आम्ही म्हणालो, "भुलीचा अंमल आहे, उतरेल." भुलीचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही हे आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही तसे म्हणालो. कारण दुसरे काही म्हणावयाचे तर विचार करावा लागला असता.

दहाव्या दिवशी ती मुकुटबनास माहेरी आली. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली शेगडी ठेवली. डावा पाय चटका बसताच दूर झाला. उजवा तेथेच राहिला. पावलावर पोळून फोड आला आणि तो तिच्या आईने पाहीपर्यंत तिला कळलासुद्धा नाही. मग आम्ही धावलो, आणि मग कोठे तिचा पाय नीट तपासला.

घरात निकाल आधीच लागला होता. तिची सासू म्हणाली, "सुई टोचली तवाच नस तुटली." हा निकाल बरोबर आहे काय, ते आता पाहू.

पाठीत सुई कोठे जाते? मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्याखाली मज्जातंतूंचा जुडगा पाण्यात घोड्याच्या शेपटासारखा लोंबत असतो. सुई सहसा त्या खालच्या भागात घालतात. सिझरच्या वेळी एकदाच जे इंजेक्शन देतात ते त्या पाण्यात जाते; एपिड्यूरलची नळी पाण्याच्या पिशवीबाहेरच थांबते. पहिला प्रकार जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या शल्यवैद्याने १८९८ साली सुरू केला. त्याने आपल्या सहायकाच्या पाठीत औषध घातले आणि त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, विडीचा चटकाही देऊन पाहिला. सहायकाला काही कळले नाही. रात्री दोघे आनंदाने जेवले, आणि पुढे डोकेदुखीने बीअर नऊ दिवस अंथरुणाला खिळला! दुसऱ्या प्रकाराचे वर्णन स्पेनच्या फिदेल पाखेस या लष्करी डॉक्टराने १९२१ साली केले. पण ते स्पॅनिशमध्ये राहिले, दोन वर्षांनी तो अपघातात गेला, आणि नाव दुसऱ्यांचे झाले.

या सुईने इजा होतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. सुई एखाद्या तंतूला लागू शकते; लागली तर बहुधा त्याच क्षणी पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. अशी कळ आली तर बाईने ओरडून सांगावे, लाजू नये. आत रक्त साकळू शकते, पू होऊ शकतो. परंतु किती वेळा? पावणेचौदा लाखांच्या आसपास बाळंतिणींची एपिड्यूरलविषयीची माहिती एकत्र करून २००६ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात काही काळ टिकून बरी होणारी इजा सुमारे ६,७०० स्त्रियांत एकीला आणि कायम राहणारी सुमारे २,४०,००० स्त्रियांत एकीला आढळली.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. शिकागोच्या डॉक्टरांनी सहा हजारांवर बाळंतिणींना बाळंतपणानंतर विचारून, तपासून पाहिले आणि २००३ साली निष्कर्ष छापला. पायाच्या नसेची नवी इजा जवळजवळ शंभरात एकीला होती! कोणाला? विशेषेकरून पहिलटकरणींना, आणि ज्यांची जोर करण्याची अवस्था लांबली त्यांना. एकट्या सुईवर तो दोष लागू झाला नाही. निम्म्याजणींची तक्रार दोन महिन्यांच्या आत मिटली.

याचा उलगडा शेतात निंदायला बसणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही. तास दोन तास उकिडवे बसून उठले की पाय झोपतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस हाडावरून एक नस उघडीच जाते, ती दबते. बाळंतपणात तेच घडते, फक्त अधिक वेळ आणि अधिक जोराने. गुडघा दाबून धरला तर ती नस दबते. बाळाचे डोके कटीच्या हाडावर अडले तर आतली मोठी नस दबते, आणि दोन्हींत पाऊल लुळे पडते. मांड्या फार वेळ दुमडल्या तर जांघेतून जाणारी नस चेपून मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर बधिर पट्टा उरतो. पुढची नस दबली तर पायरी चढताना गुडघा दगा देतो. म्हणजे बधिरपणा नेमका कोठे आहे हे बोटाने दाखविले, की कोणती नस ते जाणत्या डॉक्टरास पुष्कळसे कळते.

मग सुई अगदी निर्दोष ठरली काय? तसेही नाही. शुद्धीवर असलेली, वेदना जाणणारी बाई पाय अवघडला की कूस बदलते. भूल चढलेल्या बाईला तो अवघडलेपणा कळत नाही; ती ठेवाल तशी राहते. तेव्हा तिची कूस बदलणे, मधून मधून पाय सैल करणे हे काम भोवतालच्या माणसांचे होते. आमच्या पुतणीच्या बाबतीत नेमके तेच राहिले असावे असे आम्हांस वाटते.

आता भीतीची गोष्ट. ती थोडी आहे पण स्पष्ट सांगितली पाहिजे. भुलीचा शेवटचा डोस दिल्यावर चार तासांनी बाईला पाय सरळ वर उचलता यावयास हवा. येत नसेल तर भूलतज्ज्ञाला बोलवा, रात्र असो की पहाट. उतरलेला बधिरपणा पुन्हा चढू लागला, दोन्ही पायांतील शक्ती जात चालली, लघवी अडली, बसावयाची जागाच बधिर झाली, किंवा काही दिवसांनी ताप येऊन पाठीत तीव्र दुखू लागले, तर घरी थांबू नये. आत रक्त साकळले असेल तर ते काही तासांतच काढावे लागते. उद्या सकाळी पाहू म्हणणे म्हणजे पाय घालविणे. मुकुटबनच्या माणसाला हे अधिक लक्षात ठेवले पाहिजे, कारण येथून आधी वणी, आणि तपासणीच्या मोठ्या यंत्रासाठी चंद्रपूर किंवा यवतमाळचे शासकीय महाविद्यालय गाठावे लागते. १०८ ची गाडी बोलावताना "पायातली शक्ती जाते आहे" असे सांगा. नुसते "मुंग्या येतात" म्हणू नका.

बाकीच्यांना, म्हणजे बहुतेकींना, घाई नाही. पण काळजी घ्यावी लागते. बधिर अंगाला शेक, शेगडी, गरम पाण्याची पिशवी वर्ज्य. आंघोळीचे पाणी हाताने पाहूनच ओतावे. पाऊल पडत असेल तर बाळ कडेवर घेऊन पायऱ्या उतरू नये. पावलाला आधार देणारी पट्टी मिळते, ती वापरावी. नसेचे वरचे वेष्टन तेवढे दबले असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते सुधारते. आतला धागा तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे धीर का धरावा लागतो ते समजेल. "ताकदीची" इंजेक्शने ज्याच्या त्याच्या हातून टोचून घेऊ नका. ब-१२ जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर ते द्यावे, एरवी त्याने दबलेली नस मोकळी होत नाही. आणि दवाखान्यातून निघताना कागदावर लिहून घ्या, की सुई कोणती दिली, जोर करण्याची अवस्था किती चालली, आणि पाय कसा होता. ही मागणी उद्धटपणाची नव्हे.

आम्ही एवढे बोलतो याला आणखी एक कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे चौथा हिस्सा बाळंतपणे सिझरने झाली असे दिसले, आणि सिझरची भूल आता बहुधा पाठीतच देतात. "पाठीत सुई नको" म्हणून जी बाई ऐन वेळी अडून बसते, तिला पूर्ण बेशुद्ध करावे लागते, आणि भरल्या पोटाच्या गरोदर बाईला तो मार्ग अधिक जोखमीचा. तिच्या शेजारणीचा पाय खरोखर बधिर होता. तो का झाला हे कोणी सांगितले नाही, म्हणून ही भ्याली.

पुतणीचे पाऊल पाचव्या महिन्यात उचलू लागले. नडगीची जाणीव आली. पावलावर रुपयाएवढी जागा अजून सुन्न आहे, आणि तिच्या कडेला शेगडीचा डाग. पुढल्या महिन्यात तिची दुसरी वेळ आहे. सुई घ्यावयाची की नाही हे तिने ठरविलेले नाही. भूलतज्ज्ञाला विचारावयाचे प्रश्न मात्र तिने वहीत लिहून ठेवले आहेत, आणि त्यांतला पहिला कूस बदलण्याविषयी आहे.