जबड्यासाठी तोंडातलेच हाड

(वार्षिक सभेतील निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेचे. पुढील माहिती आमच्या शल्यचिकित्सकांकडून समजून घेतलेली आहे.

अपघात, गाठ, जन्मतः दुभंगलेली हिरडी किंवा फार पूर्वी काढलेले दात यांमुळे वरच्या जबड्याचे हाड झिजते वा नाहीसे होते. हाडच नसेल तर कृत्रिम दाताचा स्क्रू रोवायचा कशात? अशा वेळी रुग्णाचेच हाड दुसरीकडून काढून तेथे बसवावे लागते. "म्हणजे कमरेचे हाड काढणार?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. एक-दोन दातांपुरती उणीव असेल तर बहुधा त्याची गरज पडत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांखालचा हनुवटीचा भाग, अक्कलदाढेमागचा खालच्या जबड्याचा भाग किंवा वरच्या शेवटच्या दाढेमागचा उंचवटा येथून हाड घेता येते. छेद तोंडाच्या आतच असल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही, आणि शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते.

हनुवटीतून बऱ्यापैकी हाड मिळते. मात्र त्यानंतर खालचे पुढचे दात वा ओठ काही महिने, क्वचित कायमचे, बधिर राहू शकतात. हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच सांगितले पाहिजे, याबाबत आम्ही आग्रही आहोत. अक्कलदाढेमागच्या जागेत हा त्रास कमी. परंतु दातांची शीर जवळून जाते. वरच्या जबड्यामागचे हाड मऊ व थोडेच असते. ते भुकटी करून पोकळी भरण्यास उपयोगी.

२०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. एवढी मोठी हानी तोंडातल्या हाडाने भरून येत नाही. तेथे पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणावे लागते, आणि खर्चाचा आकडा निराळाच होतो.

रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची किंमत आमच्या कोणत्याही बिलात येत नाही. खर्च येतो तो टायटॅनियमचे स्क्रू, कृत्रिम दात आणि फेऱ्यांचा. हाड एकजीव होण्यास साधारण चार ते सहा महिने लागतात. नंतरच दातांचे काम. याच मधल्या काळात पैशांअभावी उपचार सुटण्याचा धोका असतो, म्हणून आपल्या देणगीचा काही भाग या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्तांना विनंती आहे. नातेवाइकांनी या महिन्यांत रुग्णाला तंबाखू, मिश्री व विडी-सिगारेटपासून दूर ठेवावे. धूम्रपानाने बसवलेले हाड न जुळण्याचा धोका वाढतो.