चिंचोक्यांचं दान

उन्हाळा लागला की नगरच्या मार्केट यार्डात चिंचेच्या गोण्या उतरतात, आणि घरोघरी चिंच फोडायची गडबड सुरू होते. आमच्या लहानपणी त्या ढिगातले टपोरे चिंचोके आम्ही पोरं पळवायचो. मधोमध फोडले की एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. असे चार चिंचोके आणि ओसरीवर खडूनं आखलेली पाच बाय पाचची घरं, एवढ्यावर अष्टाचंगचा डाव रंगायचा. कुणी याला चल्लस-आठ म्हणतं, कुणाकडे चिंचोक्यांऐवजी कवड्या असतात.

दान असं मोजायचं: जितके पांढरे वर, तितकी घरं पुढं. चारही पांढरे पडले तर चंग, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्टा, म्हणजे आठ.

मी पुढं गणिताचा मास्तर झालो. संभाव्यतेचा धडा आला की पुस्तकातलं नाणं बाजूला ठेवून खिशातले चिंचोके काढायचो आणि विचारायचो, "चंग पडायची शक्यता किती?" निम्मा वर्ग ओरडायचा, "पाचात एक!" कारण दानं पाच: एक, दोन, तीन, चार, आठ.

गफलत इथंच आहे. दानं पाच खरी, पण प्रत्येक दान पडायच्या वाटा सारख्या नाहीत. एक चिंचोका दोन तऱ्हांनी पडतो. चार चिंचोके मिळून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे 16 तऱ्हा. चारही पांढरे, ही त्यातली एकच. चारही काळे, हीसुद्धा एकच. पण दोन पांढरे आणि दोन काळे हे दान सहा तऱ्हांनी पडतं. खोटं वाटत असेल तर चिंचोक्यांना शाईनं नंबर घाला आणि जोड्या लावून बघा. म्हणजे दोनचं दान 16 मध्ये सहा वेळा, आणि चंग 16 मध्ये एकदा. आधी सगळ्या तऱ्हा मोजायच्या, मग आपल्याला हव्या असलेल्या मोजायच्या. 1654 साली फ्रान्समध्ये पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी जुगाराच्या अर्धवट मोडलेल्या डावावरून एकमेकांना पत्रं लिहिली, त्यांच्याही हिशेबाच्या मुळाशी हेच होतं.

आता वर्गातली एक चुणचुणीत पोरगी उठायची. "सर, चंग आणि अष्टा दोन्ही 16 मध्ये एकदाच पडतात, तर एकाला चार घरं आणि दुसऱ्याला आठ, असं का?"

या प्रश्नानं मला बरीच वर्षं छळलं. चिंचोका म्हणजे काही नाणं नव्हे. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या पडतील असं धरायला आधार काय? समजा, पांढरी बाजू शंभरात साठ वेळा वर येते. मग चंग पडायची शक्यता होते शंभरात तेरा आणि अष्टाची जेमतेम अडीच. पाचपट फरक! माझा आपला अंदाज असा, की हा खेळ ज्यांनी बसवला त्यांनी आधी पुष्कळ दानं टाकून पाहिली असणार आणि मगच दुर्मिळ दानाला जास्त घरं दिली असणार. पुरावा मागू नका.

आपल्याकडे द्यूत आणि मोजदाद यांची सोयरीक तशी जुनीच. महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण रथातूनच बेहड्याच्या झाडाकडे बघून पानं-फळं किती ते सांगतो. त्याचा सारथी झालेला नल खाली उतरून फळं मोजतो, तर आकडा बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. झाड नेमकं बेहड्याचं आहे, बरं का. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात हे झाड आजही दिसतं.

नलाला ती विद्या फळली. आकडा लावणाऱ्यांना मात्र फळत नाही. मटक्याचं मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावात. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. आकडे दहा आणि लागला तर साधारण नऊपट. दहा-दहा रुपये शंभर वेळा लावा: हजार गेले. दहातला एक या हिशेबानं दहा वेळा लागेल, नव्वदप्रमाणे नऊशे परत. कुणी काही लबाडी केली नाही तरी शंभर रुपये गेलेच. आणि लोक जुने तक्ते घेऊन बसतात, "चार दिवस सत्ता आला नाही, आज येणारच!" अहो, पण कालचा तक्ता आजच्या आकड्याला वाचून कोण दाखवतं?

पावसाचं गणित वेगळं. तिथं कालच्या ढगांचा आजच्याशी संबंध असतो, म्हणून अंदाज बांधता येतो. 'सत्तर टक्के शक्यता' ऐकून पेरलं, कोरडं गेलं, की आपण हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडतो. पण सत्तर टक्क्यांचा अर्थच असा, की अशा दहा दिवसांतले तीनेक कोरडे जायचे. शिवाय अंदाज कुठला, तेही बघावं लागतं. घाटघर-रतनवाडीचा धो धो पाऊस आणि कर्जत-जामखेडचा पाऊस एकत्र करून काढलेली नगर जिल्ह्याची सरासरी जामखेडच्या शेतकऱ्याला काय कामाची? बियाण्याची एकच पिशवी घरात असेल, तर सत्तर टक्क्यांवर सगळी पेरायची की निम्मी राखायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुबार पेरणीचा खर्च काही टक्क्यांत येत नाही.

परवा नातीला म्हटलं, चिंचोका शंभर वेळा टाक आणि पांढरा किती वेळा येतो ते लिहून ठेव. सदतिसाव्या वेळी चिंचोका कपाटाखाली गेला तो गेलाच. उरलेले त्रेसष्ट तुम्ही टाका.